सही करण्याआधी वाचा : आपल्याच विश्वस्त मंडळांविषयी

एका स्त्री-संस्थेची मी अकरा वर्षं विश्वस्त होते. तालुक्याच्या गावी चालणारी संस्था. कौटुंबिक सल्ला केंद्र आणि आसपासच्या गावांतली महिला मंडळं, असं कामाचं स्वरूप. संस्था उभी केली ती माझ्या एका जुन्या मैत्रिणीनं. आम्ही एकत्र पत्रकं वाटली होती, मोर्चे काढले होते, रात्री-अपरात्री पोलीस चौकीत जाऊन बसलो होतो. ‘तुझं नाव घालू ना गं?’ असं तिनं विचारलं तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पुढे दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास संस्थेतला एक मुलगा रजिस्टर आणि कागदांची फाईल घेऊन माझ्या घरी येई. जिथे सही हवी तिथे पेन्सिलीनं छोटीशी फुली केलेली असे. त्याचा चहा संपेपर्यंत माझ्या सह्या संपत. ज्या बैठकांना मी गेलेच नव्हते त्यांच्या इतिवृत्तावरही मी सह्या केल्या आहेत. संस्था आपली, मैत्रीण आपली, काम चांगलं, मग वाचायचं काय?

नवव्या वर्षी एका संध्याकाळी संस्थेतली एक कार्यकर्ती माझ्या घरी आली. आठ वर्षं गावोगाव फिरून काम करणारी बाई. नवऱ्यानं टाकलेली, पदरात दोन मुलं. तिनं पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. तिच्या खात्यात दरमहा नऊ हजार रुपये पगार जमा होई. त्यातले अडीच हजार पाच तारखेच्या आत काढून तिनं कार्यालयात आणून द्यायचे. त्याची तिला रीतसर देणगीची पावती मिळे. सगळ्याच कार्यकर्त्या अशी ‘देणगी’ देत. न देणारीचं पुढच्या प्रोजेक्टमध्ये नाव नसे.

ती म्हणाली, ‘ताई, वर्षाला तीस हजार रुपये दान करते मी. तुम्ही ट्रस्टी लोक किती करता?’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ती गेल्यावर मी कपाटातून जुने अहवाल काढले. ताळेबंदाबरोबरच्या जमाखर्चाच्या पत्रकात जमेच्या बाजूला, व्याजाच्या खालच्या ओळीत, स्वच्छ छापलं होतं : ‘कार्यकर्त्यांचे ऐच्छिक योगदान’. पुढे रक्कम होती आणि पानाच्या तळाशी माझी सही. एक वर्ष नाही, सलग सहा वर्षं. कुणी काही लपवलं नव्हतं. मी वाचलं नव्हतं, इतकंच.

त्यानंतर काय झालं ते पुढे सांगते. आधी ज्या प्रश्नानं माझी झोप उडवली तो मांडते, कारण तो माझ्या एकटीचा नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर, विश्वस्त मंडळावर आहेत. काही जणी तर एकाच वेळी चार-पाच ठिकाणी.

आपणच काय शिकवत आलो?

गेल्या चार दशकांत आपण शिबिरांमधून बायकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. वाचल्याशिवाय सही करू नका, समजल्याशिवाय अंगठा देऊ नका. भाऊ हक्कसोडपत्र पुढे करेल, नवरा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागेल, बचतगटाच्या कर्जाचा कागद घेऊन कुणी येईल, थांबा. ‘घरचाच माणूस आहे, फसवेल कशाला,’ असं म्हणू नका. विश्वास आपल्या जागी आणि कागद आपल्या जागी.

पंचायतींच्या बाबतीतही आपण हेच बोललो. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९३ पासून पंचायतींमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. तेव्हा बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याच्या हाती, हे चित्र आपण जागोजाग पाहिलं. सही तिची, निर्णय त्याचा. त्यावर आपण पथनाट्यं केली, प्रशिक्षणं घेतली. ग्रामसभेत उठून प्रश्न विचारा, दप्तर मागा, खर्चाचा तपशील मागा, असं तिला शिकवलं.

आणि आपण? शिकलेल्या, शहरातल्या, कायदा जाणणाऱ्या आपण आपल्याच संस्थांमध्ये पेन्सिलीच्या फुलीवर सह्या करत राहिलो. खेड्यातल्या त्या सरपंचबाईला निदान घरातून दडपण तरी असतं. आपल्यावर कुणाचं दडपण होतं?

सात नावं कुठून आली

हे असं का झालं, याची मुळं आपल्याच इतिहासात आहेत. १९७५ नंतर आणि विशेषतः १९८० मध्ये मथुरा खटल्याच्या निमित्तानं उभ्या राहिलेल्या अनेक स्वायत्त गटांनी अध्यक्ष, सचिव ही उतरंड मुद्दाम नाकारली होती. सतरंजीवर गोल करून बसायचं, सर्वांनी मिळून ठरवायचं. पदं ही पुरुषी सत्तेची भाषा आहे, असं आपण म्हणत होतो आणि त्यात तथ्य होतं.

मग अडचणीतल्या बाईला रात्री कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. खोली घ्यावी लागली, भाडं आलं, फोन आला, पूर्णवेळ काम करणारी एखादी मुलगी आली. पैसा हवा तर बँकेत खातं हवं आणि खात्यासाठी नोंदणी हवी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात माणसं लागतात. मग वहीच्या पाठच्या पानावर सात नावं लिहिली गेली. दोघी-तिघी खऱ्या काम करणाऱ्या, एखादीचा समंजस नवरा, एखादीची नणंद, एक ओळखीच्या वकीलबाई, एक नावाजलेल्या प्राध्यापिका. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते. थेट ट्रस्ट केला तर माणसं कमी लागतात, पण नावं भरण्याची रीत तीच.

नोंदणी ही कायद्याची औपचारिकता, खरा गट वेगळाच, असं आपण मनाशी धरून चाललो. पुढे गट विरले. कुणी नोकरीत गेली, कुणी आजारी पडली, कुणी परगावी गेली. औपचारिकता मात्र उरली. आज अनेक ठिकाणी चित्र असं आहे की, एक संस्थापक ताई, तिच्या हाताखाली पगारी कार्यकर्त्या आणि वर कागदावरचं एक मंडळ. उतरंड नाकारता नाकारता आपण तिची दुसरीच तऱ्हा तयार केली, जिच्यात वरच्या व्यक्तीला विचारणारं कुणीच नाही. अध्यक्षपद असतं तर निदान अध्यक्षाला बदलता आलं असतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मंडळावरची नावं वाचा आणि मग कार्यकर्त्यांचं हजेरीपत्रक वाचा. वरच्या यादीत बहुतेक शहरी, सुस्थित, उच्चवर्णीय घरांतल्या बायका. खालच्या यादीत दलित, आदिवासी, मुस्लिम, बहुजन घरांतल्या, बहुतेक एकट्या बायका. चळवळीत आपण जातीच्या प्रश्नावर ठराव केले. आपल्या मंडळांची रचना त्या ठरावांना अनुसरून आहे का?

कायद्याच्या नजरेत

‘मी फक्त नावाला आहे,’ हे वाक्य कायद्याला समजत नाही. पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम म्हणून ओळखला जाणारा आणि आता महाराष्ट्राच्या नावानं असलेला १९५० चा कायदा विश्वस्त म्हणून नोंदलेल्या प्रत्येकीला जबाबदार धरतो. रोज कार्यालयात बसणारी आणि वर्षातून एकदा सही करणारी, असा भेद तो करत नाही.

संस्थेचा पैसा आणि मालमत्ता संस्थेच्या उद्दिष्टांसाठीच वापरली जाते आहे, हे पाहणं विश्वस्तांचं काम. हिशेब ठेवणं आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घेणं त्यांचं काम. विश्वस्त बदलली, वारली, राजीनामा देऊन गेली, तर ९० दिवसांत बदल अहवाल, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. किती संस्थांमध्ये वारलेल्या मैत्रिणींची नावं अजून दप्तरी विश्वस्त म्हणून आहेत! भांडण होतं त्या दिवशी कळतं की, कायद्यानं आज मंडळात कोण आहे हेच ठरलेलं नाही.

जमीन, इमारत विकायची किंवा देऊन टाकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विश्वस्ताला संस्थेच्या पैशातून स्वतःसाठी उसने घेता येत नाहीत. संस्थेसाठी कर्ज काढायचं तरी पूर्वपरवानगी हवी. अनुदान लांबलं म्हणून ओळखीतून पैसे उचलून पगार भागवण्याची आपली पद्धत कितीही सद्हेतूची असली तरी ती मंडळाला अडचणीत आणू शकते. घोर निष्काळजीपणामुळे संस्थेचं नुकसान झालं तर ते संबंधित व्यक्तीकडून भरून घेण्याची तरतूद आहे. विश्वस्ताला काढून टाकण्याची जी कारणं कलम ४१ ड मध्ये आहेत, त्यात अफरातफरीबरोबरच कर्तव्यात सतत हयगय करणं हेही आहे. काही न करणं हासुद्धा दोष आहे.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांचं तर विचारूच नका. २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, मोठ्या संस्थेनं तो निधी लहान संस्थेला पुढे देणं बंद केलं आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं मागितली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दुरुस्त्या मुख्यतः उचलून धरल्या. कार्यालयाचं भाडं, हिशेबनीसाचा मोबदला, व्यवस्थापनाचे पगार हे सगळं त्या २० टक्क्यांत बसवायचं. खेड्यातल्या छोट्या गटांना याची झळ सर्वांत जास्त बसली. सरकारला न आवडणारी संस्था नियमांच्या बोटानं कशी दाबता येते, हेही आपण पाहतो आहोत. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण बोलायचं तर आपलं दप्तर स्वच्छ हवं आणि ते आपल्याला तोंडपाठ हवं.

मालक कोण?

कायद्याची भीती हा माझा मुख्य मुद्दा नाही. विश्वस्त मंडळ उत्तरदायी कुणाला, हा आहे. धर्मादाय आयुक्तांना, आयकर खात्याला, देणगीदाराला आपण उत्तरं देतोच, कारण ती मागितली जातात. जिच्या नावानं संस्था चालते ती बाई आणि जिच्या पायांनी संस्था चालते ती कार्यकर्ती, यांना उत्तर कोण देणार?

भंवरीदेवी आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या मानधनावर काम करणाऱ्या ‘साथीन’ होत्या. बालविवाह थांबवण्याचं काम केलं म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तळातल्या कार्यकर्तीनं कामापायी जीव धोक्यात घालायचा, पण तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालक म्हणून कुणाची? या प्रश्नातूनच १९९७ चा विशाखा निवाडा आला आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा.

हा कायदा संस्था, ट्रस्ट आणि स्वयंसेवी संघटनांनाही लागू आहे. त्यात ‘मालक’ या शब्दाची व्याख्या करताना व्यवस्थापन म्हणजे संस्थेची धोरणं ठरवणारी व राबवणारी व्यक्ती, मंडळ किंवा समिती, असं म्हटलं आहे. म्हणजे मैत्रिणींनो, कार्यकर्तीच्या दृष्टीनं मालक आपण आहोत. दहा किंवा त्याहून अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती नेमणं आपलं काम. समितीचा अहवाल आल्यावर ६० दिवसांत कारवाई करणं आपलं काम. इतरांच्या कारखान्यांत, कॉलेजांत, बँकांत आपण बाहेरच्या सदस्य म्हणून जातो. आपल्या स्वतःच्या संस्थेत ती समिती आहे का? कार्यकर्तीला तिच्या सदस्यांची नावं माहीत आहेत का? तक्रार संस्थापकाच्या भावाविरुद्ध असेल तर?

छळाच्या बाबतीत जे खरं, तेच पगाराच्या, रजेच्या, भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत. ‘हे काम म्हणजे नोकरी नाही, बांधिलकी आहे,’ असं आपण कार्यकर्तीला सांगतो. घरकाम हे प्रेमाचं काम आहे असं म्हणून बाईला फुकट राबवणाऱ्या कुटुंबावर आपण टीका केली. तोच युक्तिवाद आपल्या तोंडी कसा आला?

जुना धडा

मंडळ आणि संस्था यांच्यातला हा गुंता आपल्याकडे नवा नाही. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, तिचा कारभार बॉस्टनहून. इथे सल्लागार मंडळ, त्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मातब्बर मंडळी. सदनात धर्मप्रसार होणार नाही, अशी भूमिका होती. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत यावरून वादळ उठलं, १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली सदनातून नेल्या.

सल्लागारांनी प्रश्न विचारला हे चूक होतं, असं मी म्हणणार नाही. संस्था आपल्या शब्दाला जागते की नाही, हे विचारणं मंडळाचं कामच आहे. पण त्यांना सल्ल्याचा मान होता, जबाबदारीचं ओझं नव्हतं. म्हणून सोडून जाणं सोपं गेलं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं होतं, त्या मुलींना, त्यातल्या बालविधवांना काय हवं होतं हे विचारायची जागा ना बॉस्टनच्या मंडळात होती ना पुण्याच्या. त्यांच्याबरोबर राहिल्या त्या रमाबाई. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. आपल्या मंडळांमध्ये तरी ती जागा आहे का?

प्रश्न म्हणजे अविश्वास?

आता माझ्या मैत्रिणीकडे येते. त्या पावत्यांविषयी मी बैठकीत विचारलं तेव्हा ती दुखावली. ‘तू माझ्यावर अविश्वास दाखवतेस? वीस वर्षांनी? एक पैसा मी घरी नेलेला नाही.’ ते खरंच होतं. तिनं स्वतःचे दागिने मोडून एकदा पगार केले होते. तिनं हिशेब मांडून दाखवला. देणगीदार शिबिरांना पैसे देतात, भाड्याला देत नाहीत, हिशेबनीसाला देत नाहीत. वर संस्थेचा स्वतःचा वाटा दाखवा म्हणतात. तो आणायचा कुठून? तो तिनं तिथून आणला, जिथून विरोध होणार नव्हता. सर्वांत कमी पगाराच्या बाईकडून.

तिची कोंडी खोटी नव्हती. पण ती तिनं एकटीनं सोडवावी, अशी वेळ आम्ही तिच्यावर आणली होती. मंडळ जागं असतं तर भाड्यासाठी निधी गोळा करण्याचं काम आम्ही अंगावर घेतलं असतं. देणगीदाराला ठणकावून सांगितलं असतं की, पगार आणि भाडं धरल्याशिवाय प्रकल्प घेणार नाही. गरज पडली असती तर एखादा प्रकल्प नाकारला असता. तिला विचारणारं कुणी नव्हतं, याचा दुसरा अर्थ तिच्या पाठीशीही कुणी नव्हतं. मैत्रिणीला प्रश्न न विचारणं ही मैत्री नव्हे, तिला एकटं सोडणं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

काही जणी म्हणतील, इतकी जोखीम आणि इतका व्याप असेल तर मंडळावर यायला कोण तयार होईल? चांगली माणसं मिळायची नाहीत. माझं म्हणणं असं की, नावाला येणारी सात माणसं नसली तरी चालतील. कायद्याला लागतात तेवढीच, पण वेळ देणारी हवीत. आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी सन्मानानं हितचिंतक राहावं. त्यात कमीपणा नाही.

मग करायचं काय

अनुभवातून उमजलेल्या काही गोष्टी चर्चेसाठी मांडते.

एक. संस्थेची घटना आणि नियमावली प्रत्येक विश्वस्ताच्या घरी हवी आणि ती वाचलेली हवी. उद्दिष्टं काय, कार्यकाळ किती, गणपूर्ती किती, निवड कशी, हे माहीत नसेल तर मंडळावर बसू नये.

दोन. वर्षातून निदान चार बैठका, प्रत्यक्ष. इतिवृत्त त्याच बैठकीत किंवा पुढच्या बैठकीत वाचून मंजूर करायचं. घरपोच रजिस्टर बंद. मतभेद असेल तर तो नावानिशी नोंदवायचा. नोंदवलेला मतभेद उद्या तुमचं आणि संस्थेचंही रक्षण करतो.

तीन. दर तिमाहीला जमाखर्च मंडळासमोर यावा, साध्या मराठीत, एका पानावर. बँकेतून दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. लेखापरीक्षकाला वर्षातून एकदा मंडळानं स्वतः भेटावं. न समजलेली प्रत्येक ओळ विचारावी. ‘मला हिशेबातलं कळत नाही’ हे आपण बायकांनी आता म्हणायचं सोडू या. घर चालवणाऱ्या बाईला जमाखर्च कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

चार. कार्यकर्त्यांची नेमणूकपत्रं, खरा पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा, अंतर्गत समिती हे विषय वर्षातून एकदा तरी बैठकीपुढे येतील असं पाहावं. त्या दिवशी कार्यकर्त्यांना मंडळाशी संचालिकेच्या अनुपस्थितीत बोलता यावं. पगारातून कुठल्याही नावाखाली पैसे परत घेतले जाणार नाहीत, असा ठराव करावा.

पाच. नातेवाईक, व्यवहार आणि हितसंबंध उघड करावेत. संस्थेची जागा विश्वस्ताच्या दिराची असेल तर भाडं ठरवताना त्या विश्वस्तानं बाहेर बसावं.

सहा. मंडळानं सासू होऊ नये. रोजच्या कामात लुडबुड, कार्यकर्तीला परस्पर हुकूम, कोणत्या केसमध्ये काय सल्ला द्यायचा यात ढवळाढवळ, हे मंडळाचं काम नव्हे. दिशा ठरवणं, पैसा उभा करणं, संचालिकेची नेमणूक करणं, तिला बळ देणं, तिच्या कामाचा आढावा घेणं आणि तिच्यानंतर कोण याचा विचार तिच्या हयातीतच करणं, हे त्याचं काम. संस्थापक गेली आणि संस्था मिटली, असं आपण कितीदा पाहायचं?

सात. कार्यकाळ संपला की उठावं. आणि रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी काही ज्यांच्यासाठी संस्था आहे त्या बायकांना द्याव्यात. महिला मंडळातली, संस्थेच्या आधारानं उभी राहिलेली, वस्तीतली बाई. घटनेत तशी तरतूद नसेल तर घटना दुरुस्त करावी. तिला बैठकीची भाषा कळणार नाही, असं कुणी म्हणेल. मग बैठकीची भाषा बदलू या.

‘यापुढे’

आमच्या संस्थेत ती देणगीची पद्धत वर्षभराच्या वादानंतर बंद झाली. एक प्रकल्प सोडावा लागला. माझी मैत्रीण अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. ठराव मीच लिहिला. त्यात शब्द आहेत : ‘यापुढे कार्यकर्त्यांच्या मानधनातून कोणत्याही स्वरूपात रक्कम परत घेतली जाणार नाही.’

त्या ‘यापुढे’ शब्दावर मी नंतर खूप विचार केला. आधी घेतलेल्या पैशांचं काय, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या घरी पावत्या घेऊन आलेली ती कार्यकर्ती तोवर काम सोडून गेली होती. तिच्या हिशेबानं आठ वर्षांपैकी सहा वर्षांचे पैसे होतात. ते एक लाख ऐंशी हजार रुपये संस्था तिचं देणं लागते. मी विश्वस्तपद सोडण्याआधी हा विषय पुन्हा मांडला, मतांना टाकला आणि हरले. तेवढा एक मतभेद इतिवृत्तात माझ्या नावानं नोंदलेला आहे. अकरा वर्षांत मी विश्वस्त म्हणून केलेलं ते बहुधा एकच काम.

लेखाबद्दल तुमचे मतभेद असतील, ते जरूर कळवा. तुमच्या संस्थांमध्ये याहून चांगल्या पद्धती असतील, त्या लिहा, म्हणजे इतरांना उपयोग होईल. पण त्याआधी एक करा. या वर्षीचा ताळेबंद सहीसाठी तुमच्यापुढे येईल तेव्हा आणणाऱ्याला सांगा, ‘आज ठेवून जा. वाचून उद्या सही करते.’ आणि पेन्सिलीची फुली आधी खोडून टाका.